सोनचाफा आणि मुंग्यांची साखर

गोष्टी सांगायला मी काही शाळामास्तर नाही. पण वाचनालयवाले दारात ठाण मांडून बसलेत, तेव्हा ऐका. मध्ये बोलू नका.

एका गावात नरहरशेट नावाचा व्यापारी होता. त्याच्या दारी सात सोनचाफे होते, वारलेल्या बायकोनं लावलेले. त्यांच्यावर त्याचा जीव. रोज सकाळी तो झाडांच्या बुंध्याशी मुंग्यांना साखर घाली. येणारेजाणारे म्हणत, "काय पुण्यवान माणूस." ते ऐकायला शेट तिथं जरा जास्तच रेंगाळे.

एका वर्षी चाफ्याची पानं चिकट झाली, मग काजळी धरल्यासारखी काळी पडली. शेटनं पानं पुसून घेतली. आठ दिवसांत पुन्हा काळी.

रखमाजी माळ्यानं एक फांदी वाकवून नखानं खरवडली. तपकिरी खवले निघाले.

"शेट, ही साल नव्हे, कीड आहे. झाडाचा रस पिते अन् गोड पाणी गाळते, त्यावरच ही काजळी धरते. त्या गोडासाठी मुंग्या वर चढतात, आणि किडीला खाणारे लाल ठिपक्यांचे भुंगे हाकलून लावतात. साखर लांब बांधावर घाला. बुंध्यांना चिकट पट्टे बांधू, फांद्या घासून काढू."

चारचौघे बसले होते. शेटला ते लागलं.

"माझ्या पुण्यात खोट काढतोस? चल, नीघ."

रखमाजी गेला. साखर चालू राहिली, लोकांची वाहवाही. दोन वर्षांत पाच चाफे वाळले. वाहवा करणाऱ्यांतल्या एकानंही मान वर करून झाडाकडं पाहिलं नव्हतं.

सहाव्याची पानं गळायला लागली, तेव्हा शेट बाजाराच्या दिवशी भर पारावर रखमाजीपुढं उभा राहिला.

"माझं चुकलं. तू खरं बोलला होतास."

"येतो," रखमाजी म्हणाला. "पण फांद्या तुम्ही घासायच्या."

शेटनं शिडीवर चढून फांदी न् फांदी साबणाच्या पाण्यानं घासली. साखर बांधावर गेली. पट्ट्यांपाशी मुंग्या अडल्या, मग भुंगे आले. दोन चाफे वाचले. पाच गेले ते गेलेच.

तात्पर्य: पुण्य करताना लोकांच्या तोंडाकडं बघू नये, ते कुणाच्या मुळावर येतंय ते बघावं, आणि चारचौघांत केलेली चूक चारचौघांतच कबूल करावी.

वाचनालयासमोरच्या चाफ्याला हीच कीड लागलीय असं मी म्हणालो, तेव्हा भर सभेत मला खुळा म्हणणारा माणूस अजून माझ्या दारी आलेला नाही. त्याचं नाव दत्ताराम केळसकर.