पिटीच्या दाताची टोपी

बसलात का सगळे? मांडी घाला. तोंडातलं बोट बाहेर काढा. हं, आता ऐका.

गवताच्या गंजीखाली एक चिचुंद्री राहायची. तिला तीन पिल्लं. मोठी ताई, मधला दादा आणि सगळ्यांत धाकटी पिटी. पिटी एवढीशी. तुमच्या अंगठ्याएवढी. पण तोरा केवढा!

चिचुंद्र्या बाहेर कशा जातात, ठाऊक आहे? रांगेनं. आईची शेपटी ताईनं दातात धरायची. ताईची शेपटी दादानं धरायची. दादाची शेपटी पिटीनं धरायची. की निघाली रांग! तुरु तुरु, तुरु तुरु. उंच गवतात शेपटी सोडायची नाही. शेपटी सुटली तर पिल्लू हरवतं.

एके सकाळी आई म्हणाली, "ही गंजी आज उचलणार आहेत. ऊन उतरलं की आपण नव्या घरी जायचं. चिंचेच्या बुंध्याशी. सगळ्यांनी रांगेनं यायचं."

पिटीला झाला आनंद. आनंदाच्या भरात तिनं एक फुटाणा उचलला. मोठ्ठा. टणक. आणि चावला.

कट्ट!

फुटाणा काही फुटला नाही. पिटीचा पुढचा दात तुटला. अर्धा राहिला तोंडात. अर्धा गेला पोटात.

पिटी ओरडली, "चिक चिक!" पण आवाज आला, "फिक फिक!"

दादाला हसू फुटलं. हसत हसत त्यानं शेपटी पुढे केली. "धर बघू."

पिटीनं धरली. सुळ्ळ! निसटली.

पुन्हा धरली. सुळ्ळ! पुन्हा निसटली.

मग दादा हसायचा थांबला.

आई म्हणाली, "असू दे गं. मी तुला तोंडात धरून नेईन."

"मी काय तान्ही आहे?" पिटी म्हणाली. तिच्या डोळ्यांत पाणी आलं. "मला रांगेत यायचंय!"

"मग जा डॉक्टरकाकांकडे. कुंपणाच्या कडेकडेनं जा. आणि ऊन उतरायच्या आत ये."

पिटी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

बाभळीच्या ढोलीत होता दातांचा दवाखाना. डॉक्टर कोण? सुतारपक्षी! डोक्यावर लाल तुरा. चोचीवर पांढरा मास्क.

"बस खुर्चीवर. आ कर."

पिटीनं केला आऽऽ.

"हं. दात अर्धा गेला. दुधाचा नव्हे, पक्का होता. हा काही आपोआप उगवायचा नाही. याला टोपी बसवावी लागेल."

"टोपी? डोक्याला?"

"अगं, दाताला! जा, शिंपम्म्याची टोपी घेऊन ये. मग दात बसवतो."

मास्कमधून शब्द आला अर्धामुर्धा. पिटीला वाटलं, डॉक्टर म्हणाले, "शिंप्याची टोपी."

मग पिटी निघाली शिंप्याकडे. तुरु तुरु, तुरु तुरु.

लिंबाच्या झाडावर होता शिंपी पक्षी. चोच त्याची सुई. पानाला पान शिवत होता. टाका टाका, टुच टुच.

"शिंपीदादा, शिंपीदादा, टोपी द्या ना!
टोपी नाही तर डॉक्टर दात बसवेना.
दात नाही तर शेपटी धरवेना!"

शिंपी म्हणाला, "दाताला टोपी? ही कुठली नवी फॅशन? बरं बाई, शिवतो. पण माझा दोरा संपलाय. दोरा आण, मग टोपी शिवतो."

पिटी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

कुंपणाच्या तारेवर होता कोळी. म्हातारा. आठ पाय आणि आठही दुखरे.

"कोळीआजोबा, कोळीआजोबा, दोरा द्या ना!
दोरा नाही तर शिंपी टोपी शिवेना.
टोपी नाही तर डॉक्टर दात बसवेना.
दात नाही तर शेपटी धरवेना!"

कोळी म्हणाला, "देईन गं बाळ. पण माझं जाळं बघ कसं लोंबतंय. त्याला टेकू हवा. काडी आण, मग दोरा देतो."

पिटी निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु.

विहिरीच्या कपारीत होता पारवा. छाती फुगवून बसला होता. गुटर्र गूं, गुटर्र गूं.

"पारवेकाका, पारवेकाका, काडी द्या ना!
काडी नाही तर कोळी दोरा देईना.
दोरा नाही तर शिंपी टोपी शिवेना.
टोपी नाही तर डॉक्टर दात बसवेना.
दात नाही तर शेपटी धरवेना!"

पारव्यानं मान पुढे केली. मान मागे केली. म्हणाला, "गुटर्र गूं! काडी काढली तर घरटं हलेल. घरटं हललं तर अंडी पडतील. चिखल आण, घरटं पक्कं करतो. मग काडी देतो."

पिटीनं वर बघितलं. सूर्य चिंचेच्या शेंड्यावर आला होता. आता ती पळतच सुटली. तुरुतुरुतुरुतुरु!

ओढ्याकाठी होता खेकडा. ओल्या चिखलात बीळ खणत होता. खरड खरड. तोंड मात्र त्याचं वाकडं.

"खेकडेमामा, खेकडेमामा, चिखल द्या ना!
चिखल नाही तर पारवा काडी देईना.
काडी नाही तर कोळी दोरा देईना.
दोरा नाही तर शिंपी टोपी शिवेना.
टोपी नाही तर डॉक्टर दात बसवेना.
दात नाही तर शेपटी धरवेना!"

"चिखल बिखल काही नाही!" खेकडा खेकसला. "सकाळपासून माझी पाठ खाजतेय! दोन नांग्या आहेत, पण पाठीवर एकही पोचत नाही. काय करू?"

पिटीला रडूच कोसळणार होतं. पण तिनं आपल्या नखांकडे बघितलं. बारीक बारीक नखं. अगदी खाजवण्याजोगी.

"मी खाजवू?" ती म्हणाली.

आणि चढली की मामाच्या पाठीवर!

खर खर खर.

"थोडं वर."

खर खर खर.

"थोडं डावीकडे. तिथं नाही गं. हां! तिथंच! आहाहाहा!"

खेकड्याचे डोळे मिटले. वाकडं तोंड सरळ झालं.

"पोरी, घे चिखल. हवा तेवढा घे! आणि थांब, मीही येतो. दाताची टोपी कशी असते, मला बघायचीय."

खेकड्यानं चिखल दिला. पिटीनं पानात घेतला आणि पळाली पारव्याकडे.

पारव्यानं घरटं लिंपलं. थप थप थप. मग काडी दिली. "मीही येतो. गुटर्र गूं!"

काडी घेऊन पळाली कोळ्याकडे.

कोळ्यानं टेकू लावला. जाळं झालं ताठ. मग दोरा दिला. सर्र सर्र सर्र. "मला पारव्याच्या पाठीवर घ्या रे. मीही येतो."

दोरा घेऊन पळाली शिंप्याकडे.

शिंप्यानं टोपी शिवली. टाका टाका, टुच टुच. हिरव्या पानाची, पांढऱ्या दोऱ्याची. वर गोंडासुद्धा! "मी तर येणारच. टोपी माझी आहे."

सगळे पोचले दवाखान्यात. पुढे पिटी, मागे शिंपी, मग पारवा, पारव्याच्या पाठीवर कोळी आणि सगळ्यांत शेवटी खेकडा. तिरका तिरका.

"डॉक्टरकाका, टोपी आणली!"

डॉक्टरांनी टोपी बघितली. उलटी करून बघितली. गोंडा बघितला.

"हे काय आहे?"

"शिंप्याची टोपी!"

डॉक्टरांनी मास्क काढला. हसून हसून त्यांचा तुरा हलायला लागला.

"शिंप्याची नव्हे गं राणी! शिंपल्याची! शिं-प-ल्या-ची! शिंपला कसा, टणक असतो, पांढरा असतो. दातासारखा. पानाच्या टोपीनं तू काय चावणार?"

पिटी मटकन खाली बसली. एवढं पळली, एवढं फिरली आणि टोपी निघाली भलतीच! बाहेर सूर्य चिंचेच्या अर्ध्यावर आलेला. आता तिला खरंच रडू आलं. "फिक… फिक…"

"शिंपला ना?" मागून खेकडा म्हणाला. "आधी नाही का सांगायचं! माझ्या दारात ढीग पडलाय!"

तो गेला तिरका तिरका. तो आला तिरका तिरका. नांगीत शिंपला. पांढराशुभ्र.

"आणि माझी टोपी?" शिंपी फुरंगटला. "ती काय वाया गेली?"

"वाया कशी जाईल?" डॉक्टर म्हणाले आणि ती त्यांनी ठेवली पिटीच्या डोक्यावर. अगदी मापात बसली.

मग डॉक्टर लागले कामाला. मास्क वर. काजव्याचा दिवा जवळ.

"आ कर."

आऽऽ.

आधी पिसानं सगळे दात घासले. सळ सळ सळ. मग एकेक दात नीट बघितला.

"या दाढेत काळा ठिपका आहे. गूळ खाऊन चूळ भरत नाहीस वाटतं?"

पिटीनं नजर चुकवली. तसंही तोंड उघडं असलं की बोलता कुठे येतं!

"दुखेल का?" तिनं मग हळूच विचारलं.

"आधी लवंगेचं पाणी लावतो. हिरडीला झोप लागेल. मग थोडं टोचल्यासारखं होईल. फार नाही. दुखलं तर हात वर कर, मी थांबेन."

टुच्च! पिटीनं हात वर केला. डॉक्टर थांबले. पिटीनं हात खाली घेतला. डॉक्टरांनी ठिपका कोरला. टक टक टक. आणि दाढ भरून टाकली.

मग मऊ मऊ मेण आणलं. "चाव यात." पिटी चावली. मेणात उमटला अर्धा दात. "हे झालं माप."

मापाबरहुकूम खेकड्यानं शिंपला कापला. कट कट कट. डॉक्टरांनी बाभळीचा डिंक लावला. अर्ध्या दातावर टोपी बसवली. दाबली. धरून ठेवली. सगळ्यांनी श्वास रोखला. खेकड्यानंसुद्धा.

"आता तोंड मीट बघू. दात उंच लागतोय का?"

"थोडासा."

घुर्र घुर्र. घासला.

"आता?"

पिटीनं तोंड मिटलं. तोंड उघडलं. आणि तोंडातून आवाज आला, "चिक चिक!"

पारव्यानं छाती फुगवली. शिंप्यानं शेपूट हलवली. कोळीआजोबांनी आठही डोळे पुसले.

"रोज चूळ भरायची," डॉक्टर म्हणाले. "आणि टणक काही पुढच्या दातानं फोडायचं नाही. पळ आता!"

पिटी पळाली. तुरुतुरुतुरुतुरु!

गंजीपाशी आई उभी होती. ताई उभी होती. दादा उभा होता, शेपटी पुढे करून. सूर्य चिंचेच्या बुंध्याशी आला होता. आईनं पिटीची टोपी बघितली, दात बघितला. तिचं नाक हुंगलं. मग तिला एकदा घट्ट जवळ घेतलं.

"चला," आई म्हणाली.

ताईनं आईची शेपटी धरली. दादानं ताईची शेपटी धरली. पिटीनं दादाची शेपटी धरली. चक्क धरली! निसटली नाही!

रांग निघाली. तुरु तुरु, तुरु तुरु. गवत उंच. आई सगळ्यांत पुढे. तिला मागचं काही दिसेना.

आईनं विचारलं, "पिटी आहे का गं मागे?"

पिटी काय बोलणार? तिच्या तोंडात शेपटी!

आईनं पुन्हा विचारलं. आता जरा घाबरून. "पिटी? आहेस ना?"

पिटीला वाटलं, आईला कसं कळणार? मग तिनं शेपटी धरली आणखी घट्ट.

"आई गं!" ताईची शेपटी सोडून दादा ओरडला. "चावली!"

आई हसली.

"चावली ना? मग आहे ती. चला."