केरबा न्हाव्याचा फेस

गावात पहिलं घड्याळ यायच्या कितीतरी आधीची ही गोष्ट. आमच्या खारवडीत तेव्हा केरबा नावाचा न्हावी होता. असं म्हणतात, त्याचा हात इतका हलका होता की झोपलेल्या माणसाची दाढी करून तो उठून जायचा आणि त्या माणसाला जाग आल्यावर गालाला वारा लागला की कळायचं.

पण गावाचं पाणी खारं. नावच पडलं त्यावरून. डाळ शिजायची नाही, आणि साबण तर त्या पाण्यात दह्यासारखा फुटायचा. फेस वर यायचा, डोळ्याचं पातं लवेपर्यंत टिकायचा आणि बसायचा. कोरड्या गालावर वस्तरा ओढावा तसं व्हायचं. लोक दात आवळून बसायचे. खारवडीची दाढी म्हणजे अशीच, असं सगळे धरून चालले होते. केरबाही.

केरबाला आणि त्याच्या बायकोला, सारजाला, एकच मुलगा. सिदू त्याचं नाव. एका वर्षी गावात देवी आल्या. घरोघरी फोडणी बंद झाली, दाराला लिंबाचे डहाळे लागले. पुष्कळ पोरं गेली. सिदू वाचला, पण तोंडभर वण राहिले. गाल जोंधळा पेरल्यासारखा झाला. सारजा म्हणायची, "देवीनं हात फिरवलाय माझ्या लेकरावर." आणि पोर तेच खरं मानून हसत मोठं झालं.

त्याचं लग्न ठरलं. मुलगी लांबच्या गावच्या न्हाव्याची. हळदीआधी नवऱ्याची दाढी करायची, तर केरबा म्हणाला, माझ्या लेकाची दाढी मीच करणार. अंगणात पाट मांडला. मुलीकडची माणसं कौतुकानं भोवती बसली. केरबानं साबण घासला, फेस केला, गालाला लावला. तो बसला. पुन्हा लावला. पुन्हा बसला. एवढी माणसं बघताहेत म्हणून त्यानं तसाच वस्तरा ओढला. डाव्या जबड्याखालच्या वणात पातं अडकलं आणि रक्ताची धार सिदूच्या नव्या पैरणीवर उतरली.

मुलीचा मामा हसून म्हणाला, "न्हाव्याला घरच्याच पोराची दाढी येईना व्हय?"

सगळे हसले. केरबाला ते हसू जिव्हारी लागलं. आणि त्यानं रागाच्या भरात पोरालाच म्हटलं, "वस्तरा काय करंल? तोंडच असलं हाय तुजं!"

सिदूनं बापाकडं एकदा पाहिलं. गालाला पंचा दाबून तो उठला आणि परसात गेला. रक्त धुवायला गेला असेल, असं सगळ्यांना वाटलं. हळद भिजवलेली होती, मांडवात वाजंत्री बसली होती. हाका मारून मारून सारजाचा आवाज बसला. पण सिदू त्या दिवशी गेला तो गेलाच.

केरबानं वाटा धुंडाळल्या, बाजार पालथे घातले, जत्रा पाहिल्या. ज्याला त्याला विचारायचा, "तोंडावर वण असलेला पोरगा बघितला का?" लोक म्हणायचे, "अरे बाबा, देवी काय तुझ्याच घरात आल्या होत्या का?"

मग तो घरी येऊन बसला आणि फेसाच्या मागे लागला. सिदू कधी ना कधी येणार, आणि आला की त्याच्या गालावरून पातं पाण्यावरच्या पानासारखं गेलं पाहिजे, एवढंच त्यानं डोक्यात घेतलं. रिठ्याचं पाणी घालून पाहिलं. फेस डोंगरासारखा वर आला, पण चिरलेल्या जागी आग आग झाली. शेळीचं दूध घातलं, तर माश्याच घोंगावल्या. एरंडेल घातलं, तर होता तो फेसही मेला. हे सगळं तो स्वतःच्या गालावर करायचा. गाल सोलून निघायचा. सारजा लोणी लावायची.

एकदा सारजानं आजारी म्हशीला जवस शिजवून घातलं होतं. भांडं घासताना ते तिच्या हातातून निसटलं, पुन्हा धरलं, पुन्हा निसटलं. तिनं केरबाला हाक मारली. "अवो, ह्यो बुळबुळा बघा. ह्याच्यावर काय अडकायचं न्हाई."

तिथून वाट सापडली. पाणी आधी खळखळून उकळायचं, निवू द्यायचं, तळाला पांढरा साका बसला की वरचं निवळ तेवढं घ्यायचं. त्यात साबण किसायचा. जवस शिजवून गाळलेला चीक घालायचा, कोरफडीचा थोडा गर, आणि रिठ्याचं पाणी अगदी नावाला. मग वाटीत बोटांनी घुसळायचं, हात भरून येईपर्यंत. असं म्हणतात, तो फेस इतका दाट झाला की वाटी पालथी केली तरी पडेना. चिमण्या कापूस समजून चोचीत घेऊन जायच्या. आणि गालाला लावला की माणसाच्या डोळ्यांवर झापड यायची.

केरबानं सारजाच्या हातावर तो लावून दाखवला. तिनं तो बोटानं चोळून पाहिला. मग म्हणाली, "चांगला झाला वो फेस. पण गाल कुठाय?"

पुढच्या थंडीत सारजा गेली. शेवटपर्यंत तिचं तोंड दाराकडं होतं.

केरबाच्या फेसाची बातमी पंचक्रोशीत पसरली. देवीच्या वणांची माणसं लांबून लांबून यायची. ज्यांनी वर्षानुवर्षं दाढीआड तोंड लपवलं होतं, ती लिंबाखाली त्याच्यापुढं बसायची आणि उघड्या तोंडानं घरी जायची. केरबाची नजर हळूहळू गेली, पण बोटं शहाणी झाली. प्रत्येकाच्या डाव्या जबड्याखालून तो अंगठा फिरवायचा. लोकांना वाटायचं, म्हातारा खुंट बघतोय.

एका चैत्रात, भर बाजाराच्या दिवशी, ओढ्याच्या काठाला एक भणंग माणूस येऊन पडला. दाढी छातीपर्यंत, जटा झालेल्या, अंगात ताप. महारोगी असेल म्हणून कुणी जवळ जाईना. पाटील म्हणाले, "शिवेबाहेर काढा त्याला."

केरबा हजामतीची धोकटी घेऊन काठीनं चाचपडत ओढ्यावर गेला. त्या माणसाचं डोकं त्यानं मांडीवर घेतलं. "दाढी करतो बाबा. तोंड धुतलं की गार वाटंल जरा."

आधी कात्रीनं जटा कापल्या. मग फेस लावला, भरपूर लावला. वस्तरा धरायच्या आधी त्यानं सवयीनं अंगठा डाव्या जबड्याखाली फिरवला. तिथं वणाच्या मधोमध एक उभी रेघ लागली. पात्याची. न्हाव्याला आपल्या हातची चूक ओळखू येते.

काठावरचे लोक सांगत, केरबाचा हात तिथंच थांबला. त्यानं हाक मारली नाही, रडला नाही. फेस लावलेलं तोंड अर्धवट सोडायचं नसतं. त्यानं पातं टेकवलं आणि सगळी दाढी केली, गाल, हनुवटी, गळा. रक्ताचा थेंब आला नाही.

त्या माणसानं डोळे उघडले. तो म्हणाला, "न्हाई लागलं, आबा."

तेव्हा केरबाला तोंड फुटलं. "तोंड चांगलंच हुतं रे तुजं, सिदू. माजं पाणी खारं, माजी जीभ खारी."

"आई?"

"वाट बघून गेली."

सिदूनं बापाचं फेसानं भरलेलं मनगट धरलं आणि धरूनच ठेवलं. उन्हं कलायच्या आत तो गेला. पाटलांनी स्वतः येऊन पहिला खांदा दिला.

असं म्हणतात, चिता विझेपर्यंत त्या वाटीतला फेस बसला नाही. केरबानं तो ओढ्यात सोडला, तर तो पाण्याबरोबर खाली गेला नाही. सरणाच्या जागेपाशी पांढरं कडं करून सकाळपर्यंत थांबला. कुणी म्हणतं, साबणच तो, दगडाला अडकला असेल. खरं काय ते ओढ्याला ठाऊक.

त्यानंतर केरबानं वस्तरा धरला नाही. लिंबाखाली बसून तो येईल त्याला फेसाची कृती सांगायचा, बायाबापड्यांना, गुराख्यांना, दुसऱ्या गावच्या न्हाव्यांनासुद्धा. कुणी म्हणालं, "केरबा, हुन्नर असा वाटू नये." तर म्हणाला, "मला वेळेवर कुणी सांगितलं असतं, तर?" सगळ्या गावाला ती कृती तोंडपाठ झाली आणि मग एका दुपारी बसल्या जागीच तो गेला.

आता खारवडीत नळ आलाय. सलून आहे, खुर्ची फिरते, डब्यातून फुस्सकन फेस येतो. पण बाजाराच्या दिवशी पाळीपाळीनं एकेका घरी जवस शिजतं आणि त्याचा चीक सलूनवाल्याकडं पोचतो. त्या दिवशी गावात कुणी वेडा, भिकारी, वाट चुकलेला दिसला, तर त्याला हाताला धरून आणतात आणि पहिल्या खुर्चीत बसवतात. तोंड धुऊन पुसून होईतो त्याला नाव विचारायचं नाही, गाव विचारायचं नाही, जात तर नाहीच. फेस त्याच केरबाच्या रीतीनं करतात. दारात दोन-चार म्हातारी माणसं येऊन उभी राहतात आणि वस्तऱ्याखालून हळूहळू उघडं होणारं ते तोंड निरखून बघतात. ओळखीचं नसतंच. तरी त्यातलं कुणीतरी भाकरी आणायला घरी वळतं आणि वळता वळता म्हणतं, "कुणाचा तरी असंलच की."