माडुलीच्या मुळाखाली

एका राज्यात अनर्थ झाला, आणि दोष राजा भद्रकेतूचाच होता. समुद्राचा नव्हे, जखिणीचा तर नव्हेच.

त्या राज्याच्या टोकाला, लाटा जिथे सर्वांत जोराने फुटत, तिथल्या काळ्या खडकावर माडुल्या उगवत. माडुली म्हणजे तपकिरी समुद्रशेवाळ, पण उभं राहणारं. हातभर उंच, बुटक्या माडासारखं. लाट आदळली की आडवी, सरली की उभी. किनाऱ्यावरच्या बाया ओहोटीला झावळ्यांची टोकं तेवढी कापून नेत. मुळाला कोणी हात लावत नसे.

"मुळं का सोडतात?" राजाने विचारलं. "खाली काहीतरी दडवलंय."

प्रधान, राजगुरू, सेनापती, तिघांनीही पांढऱ्या दाढ्या डोलावल्या. खडकाकडे त्यांतला एकही जन्मात फिरकला नव्हता.

"जखिणीचं धन असणार, महाराज," प्रधान म्हणाला.

किनाऱ्यावरच्या बायांतल्या जाखूला दरबारात आणलं. ती म्हणाली, "टोक कापलं तर परत फुटतं. मूळ उपटलं तर पुढच्या साली काय खायचं, तुमचा मुकुट?"

"हिला कोणीतरी पढवलंय," राजा म्हणाला, आणि किनाऱ्यावर पहारे बसवून सगळ्या माडुल्या मुळासकट उपटायला लावल्या.

खाली नुसता खडक होता. त्यातून जखीण बोलली, "रान घेतलंस, आता रोप दे."

त्याच क्षणी महालातली राजकन्या कनकवेली नाहीशी झाली. खडकावर एकच माडुली उभी राहिली, झावळीत राजकन्येची नथ.

राजा धावत आला. तिथे बसलेला कुरव पक्षी म्हणाला, "मुलगी हवी तर तीन कामं कर. किनाऱ्यावरचे पहारे उठव."

राजाने उठवले. मग झुडपांत कोणी लपलंय का, तेही पाहून आला.

"आता जाखूच्या हातचं जेव. आधी कोणाला चाखायला लावू नकोस."

जाखूने माडुलीच्या आमटीची वाटी पुढे केली. राजा वाटीकडे बघतच राहिला.

"विष घालायचं असतं तर मीठ कशाला वाया घालवलं असतं?" जाखू म्हणाली. राजा जेवला.

"आता भरतीभर मुलीचं मूळ खडकाला दाबून धर. सुटलं तर ती गेली. ओहोटीला तिचं बी खडकाच्या चिरांत ठिबकलं की ती माणूस होईल. पण मुळाखाली बघायचं नाही."

राजा खडकावर पालथा पडला. लाटांनी त्याचं तोंड फोडलं, पण त्याने हात सोडला नाही. पाणी उतरू लागलं. तेव्हा त्याच्या मनात आलं, मी मुळाखाली बघितलेलं या पाखराला का नको? त्याने हळूच बोटं मुळाखाली सरकवली. मूळ त्याच्या मनगटाभोवती आवळलं गेलं.

झावळ्यांवरून बी ठिबकलं, आणि कनकवेली उभी राहिली.

"काय सापडलं, बाबा?"

"खडक."

तिने तिन्ही म्हाताऱ्यांना घरी बसवलं. बायांचा नियम तोच राज्याचा नियम केला. माडुल्या पुन्हा उगवल्या.

राजाचा उजवा हात मनगटापासून खडकातच राहिला.