सोवळ्यातली कडी

एका चातुर्मासात मी नेम धरला होता, स्वयंपाकघरातून निघताना कपाटाची कडी लावल्याशिवाय पाऊल बाहेर टाकायचं नाही. का, ते ऐका हं.

फार वर्षांमागे एका धर्मशाळेत सगळ्यांचं मिळून एकच स्वयंपाकघर होतं. श्रावणी सोमवारी नैवेद्याची खीर जाळीच्या कपाटात ठेवली होती. तिच्यावरच साऱ्यांचा उपास सुटायचा होता. पण कडीला सगळ्यांचे हात लागतात, मग सोवळ्यात ती शिवायची कशी? बायकांनी कपाट नुसतं लोटलं आणि त्या आरतीला गेल्या.

तेवढ्यात मांजरी आली. "काय कडीबाई, आजही लोंबकळताय?"

कडी रडवेली झाली. "माझं राहू दे गं. पोरंसोरं सकाळपासून उपाशी आहेत. तू तोंड लावलंस तर नैवेद्य उष्टा होईल."

"मग अडव की मला!" म्हणत मांजरीने पंजाने दार ओढलं.

कपाटावर पूजेच्या पाण्याचा तांब्या होता. "कडीबाई, भिजशील हं," तो म्हणाला आणि कलंडला. पाणी कडीवर सांडलं, तांब्या खणखणत खाली पडला. मांजरीने धूम ठोकली.

आवाजाने आरतीला गेलेल्या बायकांपैकी अनसूयाकाकू धावत आल्या. खीर जशीच्या तशी पाहून त्यांनी हुश्श केलं. मग निथळणारी कडी दिसली.

"अगंबाई, तूही न्हालीस की! आता कसला विटाळ?" हसत हसत त्यांनी ती लावली.

संध्याकाळी सगळे पोटभर जेवले. तेव्हापासून तिथे सोवळ्याच्या भांड्यांबरोबर कडीही धुतात.

तर बायांनो, तुम्हीही निघताना कडीला हात लावा. देव रागवत नाही.