उत्तरेची भिंत

फार फार वर्षांपूर्वी, जिथे उन्हाळासुद्धा पाहुण्यासारखा येऊन लगेच निघून जातो, अशा एका बर्फाळ देशात एक गाव होतं. गावात लाकडी चर्च होतं. कांद्याच्या आकाराचे रंगीत घुमट आणि भिंतीभर नक्षी. तिथली रीतच होती, की प्रत्येक घराने आपल्या हातांनी कोरलेलं काहीतरी या चर्चला द्यायचं.

चर्चच्या चारही बाजूंची तैलचित्रं काढायला राजधानीतून एक नामांकित चित्रकार आला. तीन चित्रं त्याने मन लावून केली. उत्तरेची भिंत मात्र जंगलाकडे होती आणि तिथला वारा हाडं गोठवणारा; गावातलंही सहसा कोणी तिकडे फिरकत नसे.

"कोण जातंय तिकडे बघायला?" असं म्हणत त्याने सराईतल्या शेगडीपाशी बसून चौथं चित्र मनानेच ठोकून दिलं. चित्रातल्या भिंतीभर सोनेरी वेली काढल्या. राजधानीत त्याच चित्राचं सर्वांत जास्त कौतुक झालं, आणि त्याची छाती फुगली.

पुढे एका हिवाळ्यात चर्च जळून खाक झालं. गावकऱ्यांनी चित्रकाराला चित्रांसकट बोलावून घेतलं. चित्रं बघून सुतार हुबेहूब तसंच चर्च पुन्हा उभारायला लागले.

उत्तरेच्या भिंतीपाशी एक म्हातारी चाचपडत आली. तिची नजर अधू झाली होती.

"इथे पाखरं होती रे," ती म्हणाली. "माझ्या घरधन्याने कोरलेली. तो गेल्यावर मी रोज येऊन त्यांच्यावरून हात फिरवायचे."

एक सुतार म्हणाला, "आजी, चित्रात वेली आहेत. यांनी समोर बसून काढलंय."

म्हातारीने चित्रकाराकडे तोंड वळवलं. "तू पाहिलंस ना बाबा? मग मीच विसरले असेन. वय झालं आता."

एक शब्द पुरे होता. पण सगळं गाव बघत होतं. त्याने तोंडात मिठाची गुळणी धरली.

भिंतीवर वेली चढल्या. म्हातारी रोज यायची, वेलींवरून हात फिरवायची आणि "वेलीच असतील," असं स्वतःला समजावायची. ते ऐकून चित्रकाराला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

अखेर एक दिवस सगळ्या गावासमोर तो म्हणाला, "आजी, तुमचंच खरं. मी ही भिंत कधी पाहिलीच नाही. थंडीचा कंटाळा केला आणि मनानेच वेली काढल्या."

कोणी रागावलं नाही. ते त्याला जास्तच लागलं. सुतारांनी वेली उतरवल्या.

"म्हणजे मी खुळी नाही तर!" म्हातारी हसली. तिने कोऱ्या लाकडावरून हात फिरवला. मग हळूच म्हणाली, "पण कशी होती रे ती पाखरं? हात लावला की आता मला वेलीच आठवतात."

चित्रकार काय सांगणार? त्याने पाहिली कुठे होती?

ती भिंत कोरीच राहिली. चित्रकाराचं पुढे खूप नाव झालं, पण त्या गावात आला की तो उत्तरेच्या बाजूने मान खाली घालूनच जायचा.

तेव्हा लहानांनो आणि थोरांनो, न पाहिलेलं पाहिलं म्हणून सांगू नका. त्या खोट्यापायी ज्याने खरंच पाहिलं त्याच्याही मनातून ते पुसलं जातं.