एका पट्ट्याची गांधीलमाशी

जांभळीच्या रानाकडेला वेणूचं एकुलतं एक घर होतं. शेजारपाजार काही नाही. आई देवाघरी गेलेली. बाबा सकाळीच गुरं घेऊन डोंगरावर जायचे, ते दिवेलागणीला परत. मग दिवसभर बोलायचं कुणाशी? आईने ठेवलेल्या मधपेटीशी. तिच्यातल्या इवल्या इवल्या सोनेरी मधमाश्यांना वेणू सगळं सांगायची, अगदी भात करपला तेसुद्धा.

एकदा पेटीत गांधीलमाशी शिरली आणि मधमाशी तोंडात धरून भुर्रकन उडाली. मग रोजच यायला लागली. असंच चाललं तर मधमाश्या पेटी सोडून जातील, हे वेणूला ठाऊक होतं. मग तिला उरलं कोण? तिने केरसुणी उचलली. पट्टे दिसले की हाण. भिंतीवरची मातीची चिमुकली मडकीही तिने फोडली.

"कुणाचं घर मोडलंस गं बाई?" फुटक्या मडक्यावर जांभळ्या पंखांची पिटुकली परी बसली होती.

"गांधीलमाशीचं."

"कोणत्या?"

वेणूला सांगता येईना. तिला सगळ्या सारख्याच. खरं सांगा, तुम्हाला तरी ओळखता येतात का?

परीने तिला गवताची चमचमती काडी दिली. "जिला ही लावशील, ती कायमची डोंगरापलीकडे जाईल. पण भलतीलाच लावलीस, तर तुझ्या मधमाश्याही जातील. आधी नीट बघ."

वेणू बघत बसली. बारीक कमरेची एक आली, चिखलाची गोळी घेऊन. ती मडकी करणारी. दुसरी लांब पिवळे पाय लोंबवत आली, पानावरची अळी उचलून छपराखालच्या कागदी पोळ्याकडे गेली. दोघींनी मधपेटीकडे ढुंकूनही पाहिलं नाही. केरसुणीचा मार मात्र त्यांनीच खाल्ला होता. वेणूला फार वाईट वाटलं.

मग आली ती. काळीभोर, दांडगी, पोटावर एकच रुंद पिवळाजर्द पट्टा. सरळ पेटीत शिरली, मधमाशी घेऊन निघाली. वेणू काडी घेऊन तिच्यामागे झाडाच्या ढोलीपर्यंत धावली. ढोलीत पांढरीशुभ्र, गुबगुबीत पिल्लं तोंड उघडून तिची वाट पाहत होती. वेणूचा हात थांबला. आई परत आली नाही की घर कसं होतं, ते तिला माहीत होतं.

ती मागे फिरली. चिखल आणून तिने पेटीचं दार लिंपलं, मधमाशीपुरतीच फट ठेवली. दांडगीला डोकं आत घालता येईना. ती घुटमळली आणि किडे शोधायला रानात गेली.

"काडी तशीच राहिली की," परी म्हणाली. "आता स्वतःसाठी माग."

"आई हवी."

"ते माझ्या हातात नाही गं."

वेणूने मधपेटीकडे पाहिलं. "मग बोलायला कुणीतरी."

काडी लखलखली, सगळं रान सोनेरी झालं आणि त्या उजेडात परी विरून गेली. उजेड ओसरला तेव्हा अंगणात कुणीच नव्हतं. वेणूला रडू आलं.

सकाळी दारात एक मुलगी उभी, गाल टम्म फुगलेला. "मी डोंगरापलीकडची हौसा. गांधीलमाशी चावली. वाटेत जांभळ्या लुगड्यातली एक बाई म्हणाली, कोणती चावली ते तुला कळतं."

"पट्टा एकच होता की खूप?"

"पळताना पट्टे कोण बघतं?"

वेणूला हसू फुटलं. तिने हौसाला पेटीशेजारी बसवलं आणि एकेक माशी दाखवत सुटली. दिवेलागण झाली तरी दोघींचं बोलणं संपेना.

त्या दिवशी मधमाश्यांना काही सांगायचं वेणू विसरूनच गेली.