नदीपलीकडचं घर

सुंद्राबाई कासारीण राहायची वाघोशी संस्थानात. तिचं भाड्याने दिलेलं घर मात्र होतं नदीपलीकडे, निमगिरी संस्थानात. त्या भाड्यावर नवऱ्याचं औषधपाणी चालायचं. मालकीण परमुलखातली म्हणून निमगिरीने निम्मं भाडं करापोटी कापून घेतलं. उरलेलं निम्मं वाघोशीचे कारभारी त्रिंबकराव मागू लागले.

"तू आमची रयत. मिळकत कुठलीही असो, कर आमचा," ते म्हणाले.

सुंद्राबाईने पैसे पुढे सरकवले.

"घ्या, सरकार. फक्त पावती द्या. निमगिरीतल्या घराचा कर वाघोशीने घेतला, असं लिहून शिक्का मारा."

"पावती कशाला गं तुला?"

"तिकडच्या दरबारात दाखवीन. त्यांच्या हद्दीतला कर कोण वसूल करतं, ते तुम्ही दोघं बघून घ्या."

हद्दीचा तंटा गेल्याच वर्षी कसाबसा मिटला होता. त्रिंबकरावांनी लेखणी खाली ठेवली आणि पैसे परत ढकलले.

"जिंकलात की बाई," दारावरचा शिपाई म्हणाला.

"निम्म्या औषधापुरती," सुंद्राबाई म्हणाली. "पलीकडच्यांना काय सांगू? घर त्यांच्याच हद्दीत, ते पावती हसत देतील."